फोटोग्राफरचं दप्तर: प्रिंट आणि पत्रं ग्रंथालयात कशी लावावीत

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातून आमच्या ग्रंथालयाला फोन आला, तेव्हा तिथे घर रिकामं करायची घाई चालली होती. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता, माळ्यावर तीन ट्रंका आहेत, हव्या असतील तर घेऊन जा, असा निरोप. आम्ही पोचलो तेव्हा नातवाने वरच्या सामानाचे दोन ढीग केलेले होते, एक फोटोंचा आणि एक पत्रांचा. "काका, फोटो तुम्ही घ्या. पत्रं संध्याकाळी पस्तीवाला नेईल."

पस्तीच्या, म्हणजे रद्दीच्या, ढिगातलं वरचं पाकीट मी उचललं. आत डभोईहून आलेलं एक पत्र. आईचा फोटो पोचला, पण तिचे डोळे मिटलेले आले आहेत. ती आता राहिली नाही. तरी डोळे उघडे करून एक प्रत द्यावी, खर्च पडेल तो पाठवून देऊ. पत्राच्या घडीत पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट होती. नऊवारीतली बाई, खुर्चीत बसलेली, हात मांडीवर. भिंगाखाली धरल्यावर दिसलं की दोन्ही बुबुळं बारीक ब्रशने रंगवलेली आहेत, आणि उजव्या डोळ्याखाली मूळच्या मिटलेल्या पापणीची रेघ अजून दिसते आहे. पत्र पस्तीत गेलं असतं, तर या फोटोची नोंद 'अनोळखी स्त्री, बैठी' एवढीच झाली असती.

प्रिंट आणि पत्रं एकमेकांपासून तोडू नका, हेच या लेखात पायरीपायरीने सांगायचं आहे. लहान सार्वजनिक वाचनालयं, संस्थांचे ग्रंथपाल, आणि ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे ती कुटुंबं, या सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने लिहितो आहे.

बडोद्यात अशा ट्रंका पुष्कळ निघतील. १८९० साली इथे कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था सुरू झाली आणि दादासाहेब फाळके तिथेच फोटोग्राफी शिकले. ग्रंथालयाची सवयही जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. पण आपली ही सवय पुस्तकांची आहे. पुस्तक एकटं कपाटात ठेवलं तरी पूर्ण असतं. स्टुडिओतली प्रिंट तशी नसते. तिचा अर्थ पाकिटात, ऑर्डरवहीत आणि शेजारच्या पत्रात विखुरलेला असतो. म्हणून पुस्तकांसारखं विषयवार वर्गीकरण इथे लावायचं नाही.

ट्रंक हलवण्याआधी

बरोबर पेन्सिल, कागदी चिठ्ठ्या, सुती नाडी आणि मोबाइल एवढं न्या. रबरबँड नको. रबरात गंधक असतं, त्याने चांदीचा फोटो काळवंडतो.

ट्रंक उघडली की हात घालण्याआधी वरून फोटो काढा. एक थर उचलला की पुन्हा काढा. प्रत्येक पुडक्याला चिठ्ठी बांधा: ट्रंक २, थर ३, डावा कोपरा. पुडकी तिथे उघडू नका. फोटोग्राफरने काय कशाशेजारी ठेवलं हीसुद्धा माहितीच आहे, आणि एकदा विस्कटली की ती परत मिळत नाही. कुणी आधीच ढीग केले असतील, तर त्याच दिवशी त्याला शेजारी बसवून विचारा, हे कुठून काढलं? दुसऱ्या दिवशी त्याला आठवणार नाही.

घरचे लोक फोटो आनंदाने देतात आणि वह्या टाकून देतात. तुम्ही वह्या मागा. ऑर्डरची वही, पावतीपुस्तकं, निगेटिव्हची रिकामी पाकिटं, प्लेटांच्या (काचेवरच्या निगेटिव्हच्या) खोक्यांवरची लेबलं, कागद आणि केमिकल विकणाऱ्या दुकानदारांची बिलं. सगळ्यात जास्त उपयोग ऑर्डरवहीचा होतो. ती मिळाली तर निम्म्या अनोळखी चेहऱ्यांना नावं मिळू शकतात.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापाशी बसा. आमच्या त्या घरी फोटोग्राफरच्या सूनबाई होत्या. मी काचेच्या प्लेटचा कोपरा दाखवून विचारलं, "काकू, हा आकडा कसला?" त्या म्हणाल्या, "अरे, तो वहीतला नंबर. मामंजी काचेवर सुईने कोरायचे आणि वहीत तोच घालायचे. दिवाळीनंतर पुन्हा एकपासून." त्या शेवटच्या तीन शब्दांनी आमचं कितीतरी काम वाचवलं. एकच आकडा चार प्लेटांवर का येतो याचं कोडं नाहीतर सुटलं नसतं. असं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून, आणि कोण बोललं, कुठल्या तारखेला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

दानपत्र आणि हक्क

तोंडी दिलेलं दान पुढच्या पिढीत भांडणाला कारण होतं. एका पानाचं दानपत्र करा. कोणी दिलं, काय दिलं, परत मागता येईल की नाही, स्कॅन लोकांना दाखवायचे की नाही, आणि कुठली पत्रं किती वर्षं बंद ठेवायची, एवढं त्यात हवं. घरातले बाकी वारस असतील तर त्यांच्याही सह्या घ्या.

इथे एक गैरसमज नेहमी असतो. ट्रंक दिली म्हणजे त्यातल्या सगळ्याचा कॉपीराइटही मिळाला असं लोक धरून चालतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, म्हणजे गिऱ्हाइकाचा. फोटोग्राफरने स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोंचा हक्क त्याचा. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. त्यामुळे घरचे लोक तुम्हाला कागद देऊ शकतात, डभोईच्या माणसाच्या मजकुराचा हक्क देऊ शकत नाहीत. फोटोचा हक्क पूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालायचा; २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पुस्तकात किंवा प्रदर्शनात छापायची वेळ आली की वकिलाला विचारा. अभ्यासकाला टेबलावर पाहायला देण्यात अडचण नाही.

आल्याबरोबर कपाटात नको

नवं आलेलं सामान पुस्तकांच्या खोलीत नेऊ नका. वेगळ्या कोरड्या खोलीत, टेबलावर, निदान दोन-तीन आठवडे ठेवा आणि रोज बघा. कसर, वाळवी, बुरशी आणि वास या चार गोष्टींकडे लक्ष असू द्या. बुरशी पांढरी आणि भुरभुरीत असेल तर ती पुसायला जाऊ नका. आधी ते पुडकं कोरड्या हवेत वेगळं काढा, मास्क लावा, बुरशी पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने खिडकीजवळ अलगद झाडा.

फिल्मच्या डब्यातून शिरक्यासारखा वास आला तर ती अॅसिटेट फिल्म सडू लागली आहे. तिला बाकी फिल्मपासून लगेच वेगळं करा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. त्याहून जुनी नायट्रेट फिल्म सहज पेटते. कोडॅकने ती बनवणं १९५१ मध्ये थांबवलं. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' हा शब्द दिसला तर ती नायट्रेटची नाही, बहुधा अॅसिटेटची. तो नसेल आणि फिल्म पिवळी, चिकट होऊ लागली असेल, तर ती बंद डब्यात, गरम माळ्यावर अजिबात ठेवू नका आणि जाणकाराला दाखवा. बडोद्यात विद्यापीठाचा म्युझिऑलॉजी विभाग १९५२ पासून आहे. असे प्रश्न घेऊन तिथे जावं.

डांबरगोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंगा. आपल्या आज्या पोथ्यांत हे ठेवत आल्या, मला त्याबद्दल आदर आहे. पण फोटोंच्या खोक्यात यातलं काहीही घालू नका. पाल्याचे आणि तेलाचे डाग पडतात, आणि डांबरगोळीची वाफ माणसालाही वाईट. खोली स्वच्छ आणि कोरडी ठेवणं हाच कसरीवरचा उपाय.

क्रम लावणं

ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि आमची चुकली होती. पहिल्या आठवड्यात मी मदतनीसांना प्रिंट आकारवारीने लावायला सांगितल्या, कारण खोकी आकाराप्रमाणे मिळणार होती. दोन दिवसांत सुरेख ढीग झाले. तिसऱ्या दिवशी ऑर्डरवही उघडली तेव्हा कळलं की एकाच लग्नाच्या प्रिंट, त्यांची पत्रं आणि निगेटिव्हची पाकिटं एका पुडक्यात होती आणि आम्ही ती चार ढिगांत वाटून टाकली. थरांचे फोटो काढलेले होते म्हणून महिनाभरात बरंचसं जुळवता आलं. सगळं नाही.

म्हणून आधी फक्त मोजा. किती पुडकी, प्रत्येकात अंदाजे किती नग, वर काय लिहिलं आहे. एका पानावर सगळ्या ट्रंकांचा नकाशा तयार होऊ द्या. मग मालिका ठरवा. आमच्या मालिका अशा झाल्या: ऑर्डरवह्या आणि हिशेब, काचेच्या प्लेटा आणि फिल्म, गिऱ्हाइकांच्या प्रिंट (पत्रांसकट), हौसेने काढलेल्या प्रिंट, घरची आणि मित्रांची पत्रं, दुकानदारांशी पत्रव्यवहार, संकीर्ण. पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची पुडकी, ज्या कल्पनेने बांधले गेले तीच ही कल्पना. कागद ज्या कामातून जन्माला आला त्या कामाशेजारी राहावा.

प्रत्येक मालिकेत फोल्डर, फोल्डरात नग. आकडा पेन्सिलने, नगाच्या मागे, कडेला, हलक्या हाताने, २ बी पेन्सिल, खाली कडक काच किंवा पुठ्ठा घेऊन. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पुढे झिरपते. प्लास्टिकचा थर असलेल्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे आकडा पाकिटावर घाला.

प्रिंट आणि पत्र पाकिटात एकत्र आलेले असतील तर दोन्ही एकाच फोल्डरात राहतील, पण वेगवेगळ्या कागदी पाकिटांत. जुन्या पत्रांची शाई आणि आम्लधर्मी कागद प्रिंटला चिकटून राहिले तर डाग पाडतात. आकार फारच वेगळा असल्याने एखादी मोठी प्रिंट दुसरीकडे न्यावीच लागली, तर तिच्या जागी खूणचिठ्ठी ठेवा: 'प्रिंट ३/१४२ मोठ्या खोक्यात, कपाट २'. आणि त्या प्रिंटच्या पाकिटावर लिहा: 'पत्र ३/१४१ सोबतचं'. एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

हातातली प्रिंट ओळखणं

प्रिंट कोणत्या जातीची हे कळलं तर तिचा काळ ठरवायला मदत होते आणि तिला कशाची भीती आहे तेही समजतं. दहापट भिंग आणि खिडकीचा तिरका उजेड पुरतो.

कागद अगदी पातळ, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग तपकिरी-जांभळट, पांढरा भाग पिवळसर, आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, तर ती अंड्याच्या पांढऱ्याच्या थरावरची अल्ब्युमेन प्रिंट असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच प्रिंटांचा जमाना होता. तंतू दिसत नाहीत, काळा रंग गडद आहे, आणि तिरक्या उजेडात कडेच्या गडद भागावर निळसर-चंदेरी झाक येते, तर ती जिलेटिनची. ती झाक पुसू नका. ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते. मागे कंपनीचं नाव पुसट राखाडी अक्षरांत छापलेलं आणि कागद प्लास्टिकसारखा लागतो, तर ती साधारण १९७० नंतरची.

आपल्याकडच्या स्टुडिओत हाताने रंगवलेल्या प्रिंट खूप. लुगड्याचा काठ, कुंकू, दागिन्यांचा सोनेरी. हे रंग बऱ्याचदा पाण्यात विरघळतात. ओला बोळा, स्पिरिट, खोडरबर, काहीही लावायचं नाही.

काचेच्या प्लेटेची चमकदार बाजू काचेची, मंद बाजू चित्राची. त्या मंद बाजूवर फोटोग्राफरने पेन्सिलने रीटचिंग केलेलं असतं, चेहऱ्यावरच्या देवीच्या वणांवर बारीक टिंबं दिलेली असतात, आकाश झाकायला लाल किंवा काळा रंग लावलेला असतो. ती घाण समजून कुणी ओल्या फडक्याने पुसली की फोटोग्राफरचा हात कायमचा गेला. प्लेट दोन्ही हातांनी कडेने धरा, आडवी रचू नका, लांब कडेवर उभी ठेवा. तडकलेली मात्र आडवीच, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये.

पाकिटं, खोकी, खोली

प्रिंट हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. पत्रं मात्र स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या हातांनी हाताळावीत. मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पत्र फाटतं. धूळ झाडायला मऊ केसांचा ब्रश किंवा कॅमेऱ्याची हवा मारणारी रबरी फुग्गी. मधून बाहेरच्या दिशेला.

पाकिटं अॅसिड-फ्री कागदाची करून घ्या. पारदर्शक हवं असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. उग्र वास येणारं मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं, ते नको. १९७०-८० च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. पण फोटो ओढून काढू नका. निघत नसेल तर पान तसंच ठेवा आणि पानाचा फोटो घ्या. लॅमिनेशन कधीच करू नका. ते प्रेमाने केलं जातं आणि पुन्हा कधी निघत नाही.

खोलीसाठी महागडं यंत्र आधी घेऊ नका, आधी आर्द्रता मोजणारं साधं मीटर घ्या आणि सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत असावी. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टात ती सहज त्याच्या पुढे जाते. दिवसा एसी लावून रात्री बंद करणं हे सगळ्यात वाईट, कारण रोजच्या चढउताराने जिलेटिन ताणलं-आकसलं जाऊन थर सुटतो. त्यापेक्षा डीह्युमिडिफायर सतत चालू ठेवा, किंवा तो नसेल तर पोलादी कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी तापवून कोरडं करा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर अंतर सोडा. ताजा रंग दिलेलं कपाट वास पूर्ण जाईपर्यंत रिकामं ठेवा.

पत्रं वाचणं

पत्रं उलगडा, टाचण्या काढा, गंजलेली टाचणी ओढू नका, कागद सरकवून मोकळी करा. पाकिटं फेकू नका. पोस्टाचा शिक्का बऱ्याचदा पाकिटावरच असतो. पत्राच्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाचे डाग असतील तर ते लग्नामुंजीचं पत्र आहे. डाग साफ करायला जाऊ नका.

तारीख नसलेल्या पत्राचा काळ काढायची साधनं आपल्या हाताशी आहेत. तिकिटावर सहावा जॉर्ज असेल तर पत्र १९३७ नंतरचं. गांधीजींचं तिकीट ऑगस्ट १९४८ नंतरचं. किंमत नव्या पैशांत असेल तर एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचं. ही सगळी 'याच्या आधीचं नाही' अशी हद्द सांगतात, नेमकी तारीख नाही. तिकीट जपून ठेवून उशिरा लावणारेही असतात.

शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा. पौष, माघ, फाल्गुन असेल तर बहुधा ७९. शके १८५० म्हणजे मार्च १९२८ पासूनचं वर्ष. पण बडोद्यातल्या गिऱ्हाइकांत गुजराती घरंही असतात आणि ते विक्रम संवत लिहितात, जो इथे दिवाळीनंतर बदलतो: संवतातून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करा, जानेवारी ते पुढची दिवाळी ५६. मिती 'सुद-वद' अशी असेल तर गुजराती, 'शुद्ध-वद्य' असेल तर मराठी. आमच्या फोटोग्राफरने वहीचे आकडे दिवाळीनंतर एकपासून का सुरू केले ते इथे उमगलं. गाव गुजरातचं, चोपडापूजन (हिशेबाच्या वह्यांची पूजा) दिवाळीचं.

लिहिण्याची पद्धतही पाहा. 'घरीं', 'नाहीं', 'बडोदें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. म्हातारी माणसं त्यानंतरही तसं लिहीत राहिली, तेव्हा हा पुरावा नरमच धरा. मायना मात्र ठाम बोलतो. 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार' असेल तर घरच्या मोठ्याला लिहिलेलं, 'रा. रा. यांस सा. न. वि. वि.' असेल तर परका किंवा बरोबरीचा. आणि एकाच बाईचा उल्लेख एका पत्रात 'सौ.' आणि पुढच्यात 'गं. भा.' (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) असा आला, तर मधल्या काळात त्या घरात काय झालं ते कळतं, आणि कुटुंबाच्या दोन ग्रुप फोटोंपैकी कुठला आधीचा तेही. पत्राशिवाय हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

मोडी पत्रं स्वतः अंदाजाने वाचू नका. मोडीचे जाणकार शोधा, त्यांना स्कॅन द्या, मूळ नको. वाचन मिळेपर्यंत 'मोडी, १ पान, वाचलेलं नाही' एवढी नोंद पुरेशी असते. खोटी नोंद करण्यापेक्षा ती हजार पटींनी चांगली.

चेहरे आणि जागा ओळखणं

बाहेर काढलेल्या फोटोंत इमारती साक्ष देतात. लक्ष्मी विलास पॅलेस १८९० चा, खंडेराव मार्केट १९०६ चं, कीर्तिमंदिर १९३६ चं. फोटोत कीर्तिमंदिर असेल तर फोटो त्याआधीचा नाही. सुरसागरात शंकराची उंच मूर्ती नसेल तर फोटो ती उभी राहण्यापूर्वीचा.

माणसं ओळखायला मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, दहा-बारा जण, चहासह, एका दुपारी. मूळ प्रिंट नाही, छापील प्रती टेबलावर, प्रत्येकीवर मोठा आकडा. "या अमक्याच्या आत्या ना?" असं विचारू नका. फक्त "कोण असतील?" म्हणा. ज्याने ओळखलं त्याचं नाव नोंदीत घाला, आणि दोघांचं मत वेगळं असेल तर दोन्ही लिहा. एक आजी आमच्याकडे एका प्रिंटपाशी थांबून राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत, दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर परत आल्या आणि मग नाव सांगितलं. अशा वेळी घाई करायची नाही.

सूची

एक्सेलची साधी शीट पुरते. रकाने: आकडा, मालिका, काय आहे, कोणी काढलं किंवा लिहिलं, कोणाला, तारीख आणि ती कशावरून, जागा, माणसं, मागे काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं, कुठल्या नगाशी जोडलेलं, अवस्था, कोणी ओळखलं. 'तारीख कशावरून' हा रकाना लोक वगळतात. वगळू नका. १९३८ हे वर्ष पाकिटावरच्या शिक्क्यावरून आहे की काकूंच्या आठवणीवरून, हे पुढच्या माणसाला कळायलाच हवं. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, आणि नावं रोमन अक्षरांतही, कारण गुजराती आणि परदेशी अभ्यासक तशीच शोधतात.

सगळं एकेक नग करून संपेल याची वाट पाहू नका. आधी फोल्डरवार यादी पूर्ण करून लोकांना उघडी करा, मग नगवार काम वर्षानुवर्षं चालू दे.

स्कॅन

प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० टिंबं), रंगीत, टिफ फाइल, दोन्ही बाजू. काळ्या-पांढऱ्या प्रिंटही रंगीतच, कारण पिवळेपणा हीसुद्धा अवस्था आहे. चार बाय सहा इंचाची एक बाजू सुमारे २६ एमबी होते. हजार प्रिंटच्या दोन्ही बाजू म्हणजे ५२ जीबी, तेव्हा डिस्क आधी घ्या. पत्रांसाठी ४०० पुरतं. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर वापरू नका. वाकलेल्या, पापुद्रे सुटलेल्या प्रिंट काचेवर दाबायच्या नाहीत. त्यांचे कॅमेऱ्याने वरून फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी सारख्या दिव्यांत.

फाइलचं नाव नगाचाच आकडा असू द्या. 'आजीचा फोटो शेवटचा नवा' अशी नावं वर्षभरात कुणालाच समजत नाहीत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. टिफमध्ये काही सुधारायचं नाही. डाग काढायचे असतील तर ते जेपेगच्या प्रतीत.

वाचकाच्या टेबलावर

एका वेळी एक फोल्डर. पेन्सिल चालेल, पेन नाही. चहा-पाणी बाहेर. फोल्डरातला क्रम बदलायचा नाही. स्कॅन असेल तर आधी स्कॅन दाखवा, पण अभ्यासकाने मूळ मागितलं तर द्या. प्रिंटचा पोत, ब्रशचा फटकारा पडद्यावर दिसत नाही. आजार, कर्ज, सोयरिकी मोडल्याची पत्रं असतात. ज्यांची नातवंडं याच गावात राहतात त्यांची पत्रं दानपत्रात ठरलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवा आणि सूचीत 'बंद' असं उघड लिहा, लपवू नका.

पूर आला तर

२०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. तळमजल्यावर ही खोकी ठेवायचीच नाहीत. दुसरा मजला नसेल तर निदान खालचे दोन कप्पे रिकामे, आणि काचेच्या प्लेटा छातीच्या उंचीवर. त्याहून वर नको, जड खोकं डोक्यावरून उतरवताना हातून सुटतं.

भिजल्यावर वेळ थोडा असतो. साधारण ४८ तासांत बुरशी धरते. ओल्या प्रिंट एकमेकींवर वाळू दिल्या तर जिलेटिन चिकटून दगड होतं. चिकटलेल्या ओढू नका; स्वच्छ थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि आपोआप सुटू द्या, मग चित्राची बाजू वर करून जाळीवर, पंख्याच्या वाऱ्याच्या थेट झोतात न ठेवता वाळवा. उन्हात नाही. हाताने रंगवलेल्या प्रिंटना आणि शाईच्या पत्रांना पाण्यात घालायचं नाही. ती थेट टिपकागदावर. एका दिवसात आवरणार नाही इतकं भिजलं असेल, तर प्रिंट आणि पत्रं थोडी थोडी पॉलिथिनमध्ये बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने एकेक काढून वाळवा. काचेच्या प्लेटा फ्रीजरमध्ये नाहीत, त्या आधी वाळवा.

यासाठी मे महिन्यातच तयारी ठेवा. जाळ्या, ट्रे, टिपकागद, पिशव्या एका खोक्यात. कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवा: सगळ्यात आधी काय उचलायचं. आमच्या यादीत पहिल्या ओळीवर ऑर्डरवह्या आहेत, दुसऱ्या ओळीवर मालिका ३ ची सहा खोकी, पत्रांसकट, आणि खाली आसपास राहणाऱ्या तीन माणसांचे फोन नंबर, जी पाऊस वाढला की रात्री किल्ली घेऊन येतील.